कूलर, इअरफोन आणि काळी चार : एका विशारद परीक्षेचं प्रकरण

माझ्या शास्त्रीय गायनाच्या शिकवणीतल्या एका मुलीच्या परीक्षेच्या मोसमाची ही नोंद आहे. तिच्या आणि तिच्या आईच्या परवानगीने लिहिते आहे. नाव बदललंय, ओळख पटेल असे घरचे काही तपशीलही बदललेत. रागांची, तारखांची आणि चुकांची नावं मात्र तीच ठेवली आहेत. त्यातल्या निम्म्या चुका माझ्या आहेत.

पार्श्वभूमी

रेवती वीस वर्षांची. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. नागपुरात हिंगणा रोडला, वासुदेव नगर मेट्रो स्टेशनपासून चालत सात मिनिटांवर घर. घरी आई-बाबा, आजी आणि दहावीतला भाऊ. माझ्याकडे ती आठ वर्षांपासून येते. प्रारंभिकपासून मध्यमा पूर्णपर्यंतच्या पाचही परीक्षा तिने न रखडता दिल्या. गळा मध्यम, मेहनत भरपूर. शिकवलेलं घरी जाऊन घोटणारी मुलगी. ती काळी चारमध्ये गाते, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी हा तिचा सा.

सहावी परीक्षा म्हणजे विशारद प्रथम. ज्यांना या परीक्षांची ओळख नाही त्यांच्यासाठी सांगते. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि पुढे १९३१ मध्ये त्यांच्या शिष्यांनी मंडळ उभं केलं. त्या मंडळाच्या परीक्षा वर्षातून दोनदा होतात, एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर. मध्यमापर्यंत मुलं बरीचशी पाठांतरावर निभावून नेतात. विशारदला ते जमत नाही. तिथे परीक्षक चार स्वर गुणगुणतो आणि विचारतो, कोणता राग? एकाच स्वरांचे दोन राग समोर ठेवतो आणि म्हणतो, वेगळे करून दाखव.

म्हणून डिसेंबरमध्ये मी तिला म्हटलं, "आता ऐकायला लाग. भरपूर ऐक." आणि एका पेन ड्राइव्हवर साठेक ध्वनिमुद्रणं भरून दिली. किशोरीताई आमोणकर, अमीर खाँ, कुमार गंधर्व, मालिनीताई राजूरकर, जे माझ्याकडे होतं ते सगळं. आपण किती उदार, असंही तेव्हा मनात आलं होतं, हे लपवत नाही. कसं ऐकायचं, त्याबद्दल मी एक वाक्यही बोलले नव्हते.

मार्चमधली सराव परीक्षा

परीक्षा एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात होती. पाच आठवडे आधी मी विद्यार्थ्यांची सराव परीक्षा घेते. बाहेरचे एक तबलजी येतात आणि मी टेबलामागे बसून अनोळखी माणसासारखी वागते.

रेवतीने पूरिया रागाचा बडा ख्याल, म्हणजे संथ लयीतली मुख्य बंदिश, सुरू केला. अस्थाई, म्हणजे बंदिशीचा पहिला भाग, चांगली झाली. मग आलाप, आणि इतकी संथ लय की तबलजींनी दोनदा माझ्याकडे पाहिलं. घड्याळ लावलं तर एकतालाचं एक आवर्तन, म्हणजे तालाचा एक पूर्ण फेरा, ५२ सेकंदांचं. परीक्षेत बड्या ख्यालाला सात-आठ मिनिटं मिळतात, हा माझा अनुभव. तेवढ्यात तिची आठ आवर्तनं झाली असती आणि त्यातही प्रत्येकाचं शेपूट मुखड्यात, म्हणजे बंदिशीच्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या ओळीत, गेलं असतं. बढत, म्हणजे रागाचा विस्तार, मंद्र म्हणजे खालच्या सप्तकातच संपली, तारषड्ज, वरच्या सप्तकातला सा, आलाच नाही.

मग मी गुणगुणले, "ग प ध ऽ ध प."

"भूप."

"पुन्हा ऐक. ध वर काय होतंय?"

"भूपच न, ताई?"

देशकार होता. भूप आणि देशकार यांचे पाचही स्वर तेच, सा रे ग प ध. भूप कल्याण थाटाचा, रात्रीचा, ग वर विसावणारा. देशकार बिलावलचा, सकाळचा, ध वर उभा राहणारा, रिषभाला फारसा भाव न देणारा. हा फरक तिला तोंडपाठ होता. तिने लगेच वादी-संवादी, म्हणजे रागाचे दोन मुख्य स्वर, सांगून दाखवले. माहीत असलेलं कानाला मात्र सापडत नव्हतं. मारवा, पूरिया, सोहनी या त्रिकुटातही तेच झालं.

शेवटी तानपुरा बंद करून मी तिला नुसता सा लावायला सांगितला. तिने लावला, शांतपणे, खात्रीने. पेटीवर काळी चार दाबली. तिचा सा खाली होता. पांढरी पाच दाबली, तर तिचा सा वर. दोन पट्ट्यांच्या मधोमध कुठेतरी.

ती रडली नाही. म्हणाली, "ताई, मी तर दिवसभर ऐकूनच राहिले हो." हे वाक्य मला नंतर कित्येक दिवस आठवत राहिलं.

अडचण नेमकी कुठे होती

माझं पहिलं निदान साधं आणि चुकीचं होतं : रियाज कमी पडतोय. दुसऱ्या दिवशी तिच्या आईला फोन केला. काकूंनी जे सांगितलं त्यावरून गाडी वेगळ्याच रुळावर गेली. "रियाज करते हो ती रोज तास-दीड तास. पण बाकीचा वेळ कानात ते खुपसलेलंच असतं. जेवायला हाक मारली तर ऐकू येत नाही. रात्री कान वाजतात म्हणते."

हे शेवटचं मला रेवतीने सांगितलं नव्हतं.

मग मी तिला एका आठवड्याची वही ठेवायला लावली. काय ऐकलं, किती वेळ, तेव्हा हातात दुसरं काय काम होतं. तिने प्रामाणिकपणे लिहिलं. एकूण ४१ तास. त्यातले २२ तास शास्त्रीय गायन, बाकी सिनेमाची गाणी, गझला, रील्स आणि अभ्यासाच्या मागे लावलेली ती शब्द नसलेली मंद वाद्यं. ते २२ तास कसे गेले? अकाउंट्सची गणितं सोडवताना, मेट्रोत, भांडी लावताना, आणि बरेच झोपेत. काही रात्री भूप लावून ती झोपायची, तो पहाटेपर्यंत चालू. हातात काहीच नाही, समोर बसून नुसतं ऐकलं, असा वेळ आठवडाभरात ५० मिनिटं.

आवाजाची पातळी हे दुसरं प्रकरण. होळी झाली की नागपुरात कूलर निघतात. रेवतीच्या घरी हॉलच्या खिडकीत जुना लोखंडी कूलर आहे, टाकीवाला, नव्या ताट्या लावलेला, आणि चालू झाला की बाजूच्या माणसाशी ओरडून बोलावं लागतं. त्या आवाजावर मात करायला ती फोनचा आवाज वरच्या टोकापासून एक घर खाली ठेवायची. फोन अधूनमधून पिवळी सूचना दाखवायचा. ती बोटाने बाजूला सारायची, जशी आपण सगळेच सारतो.

जागतिक आरोग्य संघटनेचा मोठ्यांसाठीचा हिशेब असा : ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास. त्यावर दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला पाच. रेवतीचे ४१ तास ८० च्या आत असतील, अशी आशा ठेवायलाही जागा नव्हती.

आणि तिसरी गोष्ट, जिचा शोध मला अपघाताने लागला. तिच्या घरी गेले होते, दुपारची वेळ. पेटी बाहेरच होती. सहज म्हणून कूलरच्या घुमण्याशी पट्टी जुळवायला गेले. पांढरी पाच दाबली तर कूलर किंचित वर, काळी चार दाबली तर कूलर खाली. रेवतीने माझ्या घरी जो सा लावला होता, तो हाच.

याला चमत्कार म्हणायचं कारण नाही. आपली वीज ५० हर्ट्झची. अशा मोटरी त्याच्या दुपटीत, १०० हर्ट्झवर घुमतात, आणि वरच्या सप्तकात २०० वर त्याची सावली ऐकू येते. काळी चारचा षड्ज साधारण २०८ हर्ट्झ, त्याखालची पांढरी पाच १९६. कूलर दोघींच्या मध्ये. मुलगी रोज संध्याकाळी त्या घुमण्यात रियाज करत होती. फोनवरचा तानपुरा एका कानात, दुसरा कान मोकळा. मोकळ्या कानाला रोज तास-दीड तास कूलर षड्ज देत होता.

मेहनत रग्गड होती. पण कान चोवीस तास भरलेला असल्यामुळे त्याला काही निवडायची वेळच येत नव्हती. अमीर खाँसाहेबांची अतिविलंबित लय तिने अशीच, अभ्यास करता करता, न कळत उचलली होती. खाँसाहेबांकडे त्या लयीत भरायला काय होतं आणि विसाव्या वर्षी आपल्याकडे काय असतं, हा विचार झोपेत ऐकताना कसा होणार? शिवाय प्रत्येक गायकाचा षड्ज वेगळा. ती दिवसातून दहा वेगवेगळ्या षड्जांसोबत गुणगुणायची आणि अकरावा आपला म्हणून लावायची.

कोणते पर्याय होते

आम्ही तिघी बसलो, ती, काकू आणि मी. बाबा मधूनमधून यायचे.

नोव्हेंबरला परीक्षा द्यायची, हा पहिला पर्याय. बाबांना तोच पटला होता, कारण कॉलेजची सेमिस्टर परीक्षाही मे महिन्यात होती. नोव्हेंबरला कूलर नसतो, हाही मुद्दा लहान नव्हता. विरोधात एवढंच की फॉर्म भरून झाला होता आणि फी गेली असती. खरं कारण वेगळं होतं. रेवतीला मागे हटायचं नव्हतं, आणि मलाही. माझ्या शिकवणीतून त्या वर्षी विशारदला बसणारी ती एकटीच होती. या गोष्टीचं वजन माझ्या सल्ल्यात किती पडलं, हे मी तेव्हा तपासलं नाही.

दुसरा पर्याय मीच मांडला : पाच आठवडे सगळं ऐकणं बंद, फक्त रियाज. रेवती म्हणाली, "गाणी बंद केली तर मी पागल होईन, ताई." मला राग आला होता. पण वीस वर्षांच्या मुलीला परीक्षेच्या तोंडावर गाणं ऐकू नको म्हणणं, आणि तेही गाण्याच्या परीक्षेसाठी, यातला विनोद काकूंच्या लक्षात आला. त्या हसल्या आणि तो पर्याय तिथेच मोडला.

तिसरा, महागडे हेडफोन घ्यायचे. बाहेरचा आवाज अडवणारे. भावाची ही सूचना अगदी टाकाऊ नव्हती. कूलरचा आवाज अडला तर फोनचा आवाज आपोआप कमी ठेवता येतो. पण ४१ तासांचे ४१ तासच राहिले असते.

चौथा, ऐकण्याची पद्धत बदलायची आणि परीक्षा द्यायची. हाच घेतला. मात्र त्याआधी कान दाखवायचे, यावर काकू अडून बसल्या, आणि त्यांचं बरोबर होतं. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी तपासलं, श्रवणचाचणी झाली. आलेख ठीक आला. कान वाजणं मोठ्या आवाजाच्या थकव्याने असावं, आवाज कमी करा, विश्रांती द्या, पुन्हा झालं तर या, असं सांगितलं. चाचणी ठीक आली म्हणून रेवतीने सुटकेचा श्वास सोडला. मला मात्र त्या थकलेल्या कानांनी ती दोन महिने नेमका सूर शोधत होती, याचंच वाईट वाटत राहिलं.

काय केलं

पहिले तीन दिवस इअरफोन कपाटात. स्पीकरवर, स्वयंपाकघरात, हळू आवाजात हवी ती गाणी ऐकायला मोकळीक. तिसऱ्या रात्री कान वाजले नाहीत.

रियाज पहाटे पाचला हलवला. नागपूरचा एप्रिल दुपारी ४३-४४ अंशांवर जातो, पण पहाटेची ती तासभर वेळ माणसांची असते. अडचण आजींची होती. त्या हॉलमध्ये कूलरच्या झोतात झोपायच्या. पाचला कूलर बंद केला की साडेपाचला त्यांना जाग. "काहून बंद केला रे बाप्पा," हे दोन दिवस ऐकल्यावर रेवती गच्चीच्या जिन्यात बसायला लागली. जिन्यात आवाज घुमतो, म्हणून मला ती जागा नको होती. पण चार भिंतींतून परत येणारा तो स्वतःचा आवाज होता, कूलरचा नव्हता. जिना राहिला.

ऐकण्याला मी नियम लावला तो माझ्या गुरूंच्या काळातला. नागपूर आकाशवाणी १९४८ मध्ये सुरू झाली, आणि आमच्या गुरूंची पिढी त्या रेडिओवर वाढली. गाणं ठरलेल्या वेळी लागायचं. थांबवता येत नसे, मागे नेता येत नसे, चुकलं तर चुकलं. म्हणून माणसं रेडिओसमोर जाऊन बसत. रेवतीसाठी तेच केलं. दिवसाला एकच ध्वनिमुद्रण, रागाच्या वेळेला, लहान स्पीकरवर, समोर मांडी घालून. पंधरा मिनिटं. मध्ये थांबवायचं नाही, मागे न्यायचं नाही. मग बंद करून वहीत तीन ओळी : गायकाचा षड्ज पेटीवर कुठे सापडला, पहिला विसावा कोणत्या स्वरावर, आणि कोणता स्वर त्याने टाळला किंवा नुसता स्पर्शून सोडला. त्यानंतर स्वतःच्या काळी चारमध्ये त्यातली एक ओळ गायची. नक्कल म्हणून नाही, ताडून पाहायला.

पहिल्या आठवड्यातल्या नोंदी निरस होत्या. "ग वर थांबले. छान." आठव्या दिवशी देशकारवर तिने लिहिलं, "रे आला कधी ते कळलंच नाही, जिन्यातली पायरी चुकल्यासारखा." तो कागद मी जपून ठेवला आहे.

जोड्या समोरासमोर लावल्या. आज भूप, उद्या देशकार. मग मारवा, पूरिया, सोहनी. तिन्हीत पंचम नाही, रिषभ कोमल, मध्यम तीव्र. पण मारव्याचा जीव रिषभ-धैवतात, पूरिया ग आणि नि धरून मंद्रात रमतो, सोहनी तारसप्तकाकडे धावते. हे पुस्तकात वाचून पाठ होतं. तीन संध्याकाळी एका पाठोपाठ ऐकल्यावर ती म्हणाली, "मारवा बसूच देत नाही." षड्जावर न टेकणारा राग, हे वर्णन मी तिला कधी सांगितलं नव्हतं.

लय बांधून घेतली. एकतालाचं आवर्तन ५२ वरून ३६ सेकंदांवर आणलं. तिला आधी घाई वाटली. "हे गाणं पळून राहिलं." सात मिनिटांचं घड्याळ लावून रोज एकदा पूर्ण बडा ख्याल, तारषड्जापर्यंत.

आणि मेट्रो. इथे मी काहीच ठरवलं नव्हतं. इअरफोन नाहीत म्हणून ती पहिले दोन दिवस कंटाळून खिडकीबाहेर पाहत आली. तिसऱ्या दिवशी दारातच म्हणाली, "ताई, पेटी द्या." वासुदेव नगरला गाडीत बसताना तिने मनात काळी चार धरली होती, रचना रिंग रोड, सुभाष नगर, अंबाझरी तलाव सगळं ओलांडून, घोषणांच्या गोंगाटातून ती शंकर नगर चौकापर्यंत आणली होती, आणि आता तपासायची होती. पांढरी पाच निघाली. कूलर अजून अंगात होता. मग तो रोजचा खेळ झाला. वहीच्या मागच्या पानावर ती तारीख आणि पट्टी लिहायची. दुसऱ्या आठवड्यात पांढरी पाच आणि काळी चार आलटून पालटून. चौथ्या आठवड्यात सहापैकी पाच दिवस काळी चार. माझ्या सगळ्या ठरवून केलेल्या उपायांपेक्षा या न ठरवलेल्याने जास्त काम केलं, असं मला वाटतं.

या सगळ्यात दोन गोष्टी मागे पडल्या. संगीतशास्त्राचा लेखी पेपर, कारण पहाटेची लिहिण्याची वेळ गाण्याने खाल्ली आणि दुपारी कूलरखाली ती पुस्तकावर झोपायची. आणि तोडी-मुलतानी ही जोडी. यादीत ती शेवटी होती, वेळच उरला नाही. "मुलतानी तुला येतो," असं म्हणून मी पुढे गेले.

परीक्षेचा दिवस

अकराची वेळ दिली होती, नंबर लागला दीडला. बाहेर व्हरांड्यात पंधरा-वीस मुलं, डोक्यावर एकच पंखा, प्रत्येकाच्या कानात काहीतरी. आम्ही ठरवलं होतं की ती वाट पाहताना काही ऐकणार नाही, फार तर तानपुरा. साडेबाराला मी तिला शोधत गेले तर ती कोपऱ्यात डोळे मिटून, कानात इअरफोन. किशोरीताईंचा भूप. मला पाहून दचकली. मी काही बोलले नाही. तिथे बोलणं क्रूर झालं असतं. काढून घ्यायला हवे होते का? आजही नक्की सांगता येत नाही. इतर मुलांचं गाणं बंद दारातून झिरपत होतं, त्यापेक्षा भूप बरा, असंही म्हणता येईल.

आत पूरिया व्यवस्थित झाला. तारषड्जाला पोचली, परीक्षकांनी पावणेसात मिनिटांनी थांबवलं. छोटा ख्याल, ताना. एकताल हातावर, ठाय, दुगुण, चौगुण, म्हणजे मूळ, दुप्पट आणि चौपट लयीत. मग राग ओळखणं. देशकार, लगेच. सोहनी, लगेच. मारवा, जरा थांबून. चौथ्याला परीक्षक गुणगुणले, मंद्र निषादावरून सा, मग कोमल ग, तीव्र मध्यम, पंचम. चढताना रिषभ गाळलेला, म्हणजे मुलतानी सरळ समोर उभा. ती म्हणाली, "तोडी."

परीक्षकांनी दुसरी संधी दिली, तीच ओळ पुन्हा गायली. ती पुन्हा "तोडी" म्हणाली. बाहेर येऊन मला तिने पहिलं हेच सांगितलं, मग पाणी प्यायली.

निकाल

ती उत्तीर्ण झाली, द्वितीय श्रेणीत. क्रियात्मकाचे, म्हणजे प्रत्यक्ष गायनाचे, गुण तिच्या आधीच्या कोणत्याही परीक्षेपेक्षा चांगले. शास्त्राच्या दोन्ही पेपरांनी ओढून खाली आणलं. बाबा म्हणाले, नोव्हेंबरला दिली असती तर पहिला वर्ग होता. असेलही. मला त्यांच्याशी वाद घालता आला नाही.

कान पुन्हा वाजले नाहीत. इअरफोन परत आले आहेत, मेट्रोत नाहीत. तिची नवी वही पाहिली तर आठवड्याचे ऐकण्याचे तास आता १५-१६, त्यात समोर बसून ऐकलेले तीन-साडेतीन. सिनेमाची गाणी पूर्वीइतकीच आहेत. ती कमी व्हावीत असं माझंही काही म्हणणं नाही.

जूनच्या मध्याला पहिला पाऊस आला, कूलर बंद झाला, आणि ती संध्याकाळी पुन्हा हॉलमध्ये रियाजाला बसली. आजींची तक्रार : "आता घर फार शांत वाटून राहिलं."

आज हेच प्रकरण आलं तर

पेन ड्राइव्ह देणार नाही. एका वेळी दोन ध्वनिमुद्रणं, समप्रकृतिक, म्हणजे सारख्या स्वरांच्या, रागांची जोडी, आणि ती संपल्याची वही पाहिल्याशिवाय तिसरं नाही. साठ मुद्रणं देणं ही उदारता नव्हती, माझं काम मी गायकांवर ढकललं होतं.

विद्यार्थी "खूप ऐकतो" म्हणाला की विचारेन, हातात काय असतं तेव्हा? आणि घरी जाऊन पाहीन, तो बसतो तिथे काय घुमतं. पंखा, फ्रिज, पाण्याची मोटर. कूलर ऐकला त्या दुपारपूर्वीच्या आठ वर्षांत मी रेवतीच्या घरी तीनदा गेले होते, तिन्ही वेळा हळदीकुंकवाला, म्हणजे थंडीत.

नोव्हेंबरचा पर्याय जास्त गांभीर्याने मांडेन, आणि माझी एकुलती विशारदची विद्यार्थिनी हे कारण त्यातून बाहेर ठेवेन. पाच आठवड्यांत लय, कान, रियाजाची वेळ आणि जागा असं सगळं एकदम बदललं. त्यामुळे कशाने किती फरक पडला ते मलाही वेगळं काढता येत नाही. शास्त्राचं लेखन संध्याकाळी, रियाज पहाटे, अशी वाटणी पहिल्याच दिवशी करायला हवी होती. आणि "हा तुला येतो" असं म्हणून कोणताही राग ओलांडणार नाही.

यंदा सराव परीक्षा जानेवारीत ठेवली आहे, कूलर निघायच्या आधी. विशारद पूर्णसाठी रेवतीने स्वतःच पहिली जोडी निवडली आहे, तोडी आणि मुलतानी.